अंगणातला दयाळ, बाल्कनीतला शिंजीर: घराशी येणाऱ्या पक्ष्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या बागा, अंगणं, गच्च्या आणि बाल्कन्या डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. सगळ्यात जास्त प्रश्न दयाळ आणि चिरक या दोघांबद्दल येतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

शेपटी उभी करून फिरणारा काळा-पांढरा पक्षी दयाळ की चिरक?

पंखावर आणि शेपटीच्या कडांना ठळक पांढरा पट्टा असेल आणि पोट पांढरं असेल तर तो दयाळ. लांबी साधारण १९-२० सेंटिमीटर, म्हणजे बुलबुलाएवढा. नर चकचकीत निळसर काळा असतो. मादीत काळ्याच्या जागी राखाडी रंग असतो, त्यामुळे अनेकांना ती वेगळाच पक्षी वाटते.

चिरक थोडा लहान असतो. नराचं पोट काळं आणि शेपटीखाली विटकरी तांबूस रंग. शेपटी पाठीकडे वळली की तो रंग लगेच दिसतो. खांद्यावरची पांढरी खूण एरवी अर्धी झाकलेली असते, उडताना चमकते. दक्षिणेकडच्या नरांची पाठ काळी असते, उत्तरेकडच्यांची तपकिरी. मादी मातकट तपकिरी, पण शेपटीखालचा तांबूस रंग तिलाही असतो.

जागेवरूनही अंदाज येतो. दयाळाला झाडांची सावली आणि ओलसर माती आवडते. चिरक उघड्यावरचा पक्षी आहे: दगडी गडगे, माळ, विटांचे ढीग, शेताचे बांध. प्लॉट नवा असेल, झाडं अजून लहान असतील तर आधी चिरक दिसेल. झाडं वाढून जमिनीवर सावली पडू लागली की दयाळ येऊ लागतो.

काळा-पांढरा, पण शेपटी सतत वरखाली हलवत पाण्याजवळ चालणारा पक्षी दिसला तर तो पांढऱ्या भुवईचा धोबी.

इंग्लंडमधल्या नातेवाइकांच्या बागेत येणारा रॉबिन हाच का?

नाही. युरोपातला रॉबिन सुमारे १४ सेंटिमीटरचा असतो, चेहरा आणि छाती नारिंगी, आणि नर-मादी सारखेच दिसतात. महाराष्ट्रात तो आढळत नाही. आपल्याकडच्या दयाळाशी त्याचं साम्य आहे ते सवयींत: जमिनीवरचे किडे टिपणं, आपल्या हद्दीत दुसऱ्याला येऊ न देणं, आणि माती खणणाऱ्या माणसाजवळ धीटपणे येऊन बसणं. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी थंडीत वाळवलेल्या अळ्या कोमट पाण्यात भिजवून ठेवाव्यात. खाली नमूद केलेले पाण्याचे आणि मांजराचे नियम तिथेही लागू पडतात.

दाणे रोज ठेवतो, तरी दयाळ येत नाही. काय चुकतंय?

दयाळ मुख्यतः कीटकभक्षी आहे. बाजरी-तांदळात त्याला रस नाही. त्याला हवेत भुंगेरे, नाकतोडे, सुरवंट, वाळवी, गोम, गांडुळं, कधी छोटी पाल. पांगारा-सावर फुलले की तो त्यांचा मधही पितो. ताटलीत ठेवून त्याचं पोट भरता येत नाही, त्याचं अन्न बागेतच तयार व्हावं लागतं.

त्यासाठी एक कोपरा झाडायचा नाही. एक मीटर लांब, एक मीटर रुंद एवढी जागा पुरते. तिथे पाचोळ्याचा आठ-दहा सेंटिमीटर जाड थर पसरा, आणि उन्हाळ्यात दोन दिवसांआड पाणी शिंपडून तो ओलसर ठेवा. पानं कुजू लागली की किडे येतात आणि किड्यांमागे दयाळ येतो. याला आंबा, पेरू, बदाम अशी मिश्र पानं चांगली. नुसत्या निलगिरीच्या पाल्यात फारसं काही होत नाही.

दुसरी सोय बसायची. दयाळ उंचवट्यावर बसून खाली नजर ठेवतो, किडा दिसला की झेप घेतो आणि परत वर जातो. पाचोळ्यापासून दोन-तीन मीटरवर एक-दीड मीटर उंचीची वाळकी फांदी रोवा. फावड्याचा दांडाही चालतो. खताचा खड्डा किंवा गांडूळखताचा वाफा संध्याकाळी उकरलात तर पंधरा-वीस मिनिटं लांब थांबा. दयाळाची ती आवडती वेळ आहे, सूर्य मावळल्यावरही तो अंधुक उजेडात खात असतो.

हे सगळं करूनही तो येत नसेल तर फवारणीकडे बघा. दर महिन्याला औषध मारणाऱ्या सोसायटीच्या बागेत हिरवळ दिसते, पण पक्ष्याला खायला काही उरत नाही. पिठ्या ढेकूण पाण्याच्या जोरदार धारेनं जातात, सुरवंट हातानं वेचता येतात. फवारावंच लागलं तर फक्त लागण झालेल्या फांदीवर, संध्याकाळी, फुलं सोडून. उंदरांसाठीचे चिकट सापळे उघड्यावर कधीही ठेवू नका. त्यांवर अडकलेला किडा पाहून दयाळ आणि चिरक उतरतात आणि स्वतःच चिकटतात.

पाणी कशात ठेवायचं आणि किती खोल?

एकच गोष्ट करायची असेल तर पाणी ठेवा. दाणे खाणारे थोडेच, पाण्यावर येणारे सगळेच: दयाळ, बुलबुल, साळुंकी, शिंपी, चष्मेवाला, होला, सातभाईंचं अख्खं टोळकं.

मातीचं परळ किंवा कुंडीखालची मातीची ताटली सगळ्यात चांगली. पृष्ठभाग खरखरीत असल्यानं पाय घसरत नाही आणि पाणी गार राहतं. व्यास ३० ते ४० सेंटिमीटर, कडेला पाणी दोन सेंटिमीटर आणि मध्ये जास्तीत जास्त पाच. घमेलं किंवा बादली ठेवली तर लहान पक्षी बुडतात. भांडं खोलच असेल तर मध्ये एक चपटा दगड असा ठेवा की त्याचा माथा पाण्याबाहेर राहील. स्टील आणि पत्र्याची भांडी उन्हात तापतात. विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्यांतलं पाणी पिण्याजोगं राहत नाही.

जागा सावलीत, झुडपापासून सुमारे दोन मीटरवर. याहून जवळ ठेवलं तर मांजर दबा धरून बसतं, फार लांब ठेवलं तर भिजलेल्या पक्ष्याला आडोसा गाठता येत नाही. दयाळ आणि सातभाई जमिनीवरच्या भांड्यात आंघोळ करतात. बुलबुलाला कमरेएवढी उंची बरी वाटते. शक्य असेल तर दोन भांडी ठेवा.

पाण्याच्या थेंबांचा आवाज पक्ष्यांना फार लवकर ओढून आणतो. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तळाला दाभणानं बारीक भोक पाडा, ती भरून परळाच्या वर फांदीला टांगा आणि झाकण कमी-जास्त घट्ट करून दोन-तीन सेकंदांना एक थेंब पडेल असं बघा.

बाल्कनीत ताटली कठड्याच्या आतल्या बाजूला, तारेनं बांधून ठेवा. पाण्यात मीठ, गूळ, हळद, जीवनसत्त्वांचे थेंब काहीही घालू नका.

त्यात डास होणार नाहीत का?

रोज पाणी बदललं तर नाहीत. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून पूर्ण वाढायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. मात्र नुसतं पाणी ओतून नवं भरणं पुरेसं नाही, कारण या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही टिकतात. म्हणून काथ्यानं किंवा नारळाच्या शेंडीनं कडा घासायच्या. आठवड्यातून एकदा कडक पाणी ओतून भांडं उन्हात वाळवा. पक्ष्यांची विष्ठा साचली असेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी या मिश्रणानं दहा मिनिटं भिजवा, मग वास जाईपर्यंत धुवा. भांडी घासायचा साबण टाळलेला बरा.

दाणे ठेवायचेच असतील तर कोणते?

चिमण्या आणि ठिपकेवाल्या मुनियांसाठी बाजरी, राळे आणि तांदळाची कणी समान प्रमाणात मिसळा. एका घराला रोज पन्नास-साठ ग्रॅम पुरे. सकाळी ठेवलेलं दुपारपर्यंत संपलं पाहिजे. उरत असेल तर दुसऱ्या दिवशी कमी ठेवा. रात्री दाणे पडून राहिले की उंदीर येतात, आणि उंदरांमागे साप.

पिकलेली पपई, केळं, चिकू, पेरू यांच्या फोडी खिळ्याला टोचून ठेवल्या तर बुलबुल, साळुंकी आणि कोकीळ येतात. तांबटाचंही अन्न फळंच, पण त्याला वड-पिंपळ-उंबराची फळं जास्त प्रिय. संध्याकाळी फोडी काढून टाका.

फरसाण, चिवडा, खारे दाणे, मसालेभात, पाव, बिस्किटं नकोत. मीठ आणि तेल त्यांना सोसत नाही, पावानं नुसतं पोट भरतं. खवट किंवा बुरशी आलेले शेंगदाणे तर अजिबात नकोत, त्या बुरशीतलं विष यकृतावर जातं. पावसाळ्यात धान्य एका दिवसात ओलं होऊन बुरसटतं, आणि त्या काळात बाहेर गवताचं बी व किडे भरपूर असतात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर दाणे बंद ठेवले तरी कुणी उपाशी राहत नाही.

शिंजीर म्हणजे फुलांतला मध पिणारा इवला पक्षी. त्याच्यासाठी साखरपाण्याच्या बाटल्या बाजारात मिळतात. आमचं मत त्याविरुद्ध आहे. आपल्या हवेत ते पाणी काही तासांतच आंबू लागतं, आणि जास्वंदीच्या एका कुंडीनं तेच काम जास्त चांगलं होतं.

आमच्याकडे फक्त कबुतरंच येतात. काय करावं?

आधी धान्य पूर्ण बंद करा, निदान एक महिना. कबुतरं सहज मिळणाऱ्या धान्यावर वाढतात आणि त्यांच्या गर्दीत छोटे पक्षी टिकत नाहीत. वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली तर काही जणांना फुप्फुसांचा गंभीर आजार होतो. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, त्यामागे हेच कारण होतं. साचलेली विष्ठा कोरडी झाडू नका, पाणी मारून, मास्क लावून काढा. महिन्याभरानं दाणे पुन्हा सुरू करायचे तर मोठ्या पक्ष्याला आत शिरता येणार नाही अशा चार सेंटिमीटर चौकोनांच्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा. चिमण्या आणि मुनिया आतून खाऊन जातात.

कोणती झाडं लावावीत?

मधासाठी: जास्वंद, अडुळसा, धायटी, आणि जागा असेल तर पांगारा, पळस, काटेसावर. शेवगा फुलला की शिंजीर त्यावर दिवसभर असतो. हॅमेलियालाही तो येतो, पण ते परदेशी झुडूप आहे. देशी पर्याय मिळत असताना आधी तेच लावावेत.

फळांसाठी: कढीपत्ता, तुती, पेरू, करवंद. कढीपत्त्याची पिकलेली काळी फळं बुलबुल आणि कोकीळ झाडावर ठेवतच नाहीत. उंबर लावायची सोय असेल तर त्याच्याइतकं पक्षी खेचणारं झाड दुसरं नाही. राज्यपक्षी हरियालही त्यावर उतरतो. फक्त भिंतीपासून दूर लावा, मुळं पाया शोधतात.

घरट्यांसाठी: शिंपी मोठी मऊ पानं कडेनं शिवून त्यात घरटं करतो. बुलबुलाला दाट झुडूप लागतं. घाणेरी मात्र लावू नका. बुलबुल तिची फळं खातात आणि बी जवळच्या रानात पोचतं, तिथे ती देशी झुडपांची जागा घेते.

छाटणीची वेळ महत्त्वाची आहे. मार्च ते ऑगस्ट बहुतेक पक्ष्यांचा विणीचा काळ असतो. मोठी छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उरका. वाळकी फांदी माणसांच्या डोक्यावर पडणार नसेल तर राहू द्या. तांबट मऊ, मेलेल्या लाकडात ढोली कोरतो, आणि अशा जुन्या ढोल्या पुढे दयाळाच्या कामी येतात.

दयाळासाठी घरट्याची पेटी कशी बनवायची?

दयाळ ढोलीत, भिंतीच्या भोकात, कधी पाइपात घरटं करतो, त्यामुळे पेटी स्वीकारतो. साधं, न रंगवलेलं लाकूड घ्या, जाडी १५ ते २० मिलिमीटर. पातळ प्लायवूड पहिल्या पावसात सुटतो आणि पत्र्याच्या डब्यात पिल्लं भाजून निघतात.

आतून तळ १३ × १३ सेंटिमीटर, उंची २५. भोकाचा व्यास ६ सेंटिमीटर आणि त्याची खालची कड तळापासून १४-१५ सेंटिमीटर वर. छप्पर पुढे उतरतं, पाच सेंटिमीटर बाहेर आलेलं. तळाला चार कोपऱ्यांत ६ मिलिमीटरची भोकं, पाणी निघून जायला. पुढच्या फळीची आतली बाजू करवतीनं आडवी ओरखडा, पिल्लांना चढून बाहेर येता येतं. भोकाखाली बसायची काडी लावू नका. पक्ष्याला ती लागत नाही, अंडी-पिल्लं पळवणाऱ्याला मात्र टेकू मिळतो.

पेटी फेब्रुवारी संपण्याआधी, अडीच ते साडेतीन मीटर उंचीवर घट्ट बसवा. झुलणारी पेटी नको. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. कोकणात पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजू कटाक्षानं टाळा, पाऊस तिथूनच आत येतो.

चिमण्यांसाठी वेगळी पेटी हवी. तिचं भोक ३२ मिलिमीटरचं. बाजारातल्या बऱ्याच पेट्यांचं भोक चार-पाच सेंटिमीटर असतं आणि त्यात साळुंकी घुसते. एकच मोठी पेटी टांगण्यापेक्षा तीन-चार पेट्या जवळजवळ लावा, चिमण्या शेजार धरून राहतात.

हंगाम संपल्यावर, सप्टेंबरात, हातमोजे घालून जुनं घरटं काढा, आत उकळतं पाणी ओता आणि पेटी कडक उन्हात वाळवा.

बाल्कनीत किंवा कुंडीत घरटं झालंय. किती दिवस हलायचं नाही?

अंडी दिसल्यापासून सुमारे महिनाभर. दयाळ चार-पाच अंडी घालतो, मादी १२ ते १४ दिवस उबवते आणि पिल्लं जवळपास तेवढ्याच दिवसांनी बाहेर पडतात. बुलबुलाची अंडी दोन-तीन, काळ थोडाफार तसाच. शिंजिराचं लोंबतं घरटं वायरीवर किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीवर असेल तर ती दोरी तेवढे दिवस वापरू नका. कुंडीला पाणी घालायचं ते बाजूनं, हळू. रोज डोकावून फोटो काढले तर कावळ्याचं लक्ष जातं. फ्लॅश तर नकोच.

पिल्लू खाली पडलंय. उचलावं का?

पिसं आली असतील, उड्या मारत असेल, शेपटी आखूड असेल तर ते पडलेलं नाही. ते उडायला शिकतंय आणि आईबाप जवळच आहेत. मांजराचा किंवा रस्त्याचा धोका असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि निघून जा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते ही समजूत खरी नाही.

उघडं, डोळे मिटलेलं पिल्लू असेल तर घरटं शोधून परत ठेवा. घरटं मोडलं असेल तर भोकं पाडलेल्या छोट्या टोपलीत वाळकं गवत घालून ती जुन्या जागेजवळ बांधा आणि लांबून दोन तास बघा. चोचीत पाण्याचे थेंब सोडू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध आणि पोळीही नको. जखम असेल किंवा दोन तासांत कुणी आलं नाही तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

दयाळ गाडीच्या आरशावर टोचा मारतो. वेड लागलंय का?

आरशात त्याला आपल्या हद्दीत घुसलेला दुसरा नर दिसतो. मार्च ते जून हे जास्त चालतं, शिंजीरही तसंच करतो. आरशांवर कापडी पिशवी बांधा. खिडकीची काच असेल तर बाहेरून कागद लावा. दुर्लक्ष केलं तर पक्षी रोज तासन्‌तास दमतो आणि पिल्लांना चारायचा वेळ वाया जातो.

काचेवर आपटणं वेगळं. तिथे त्याला काचेत आकाश किंवा झाड दिसत असतं. एखाद्या ससाण्याच्या चित्रानं ते थांबत नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूनं दर पाच सेंटिमीटरवर ठिपके किंवा उभ्या रेघा हव्यात. आपटून सुन्न झालेला पक्षी हवेशीर खोक्यात, अंधारात, शांत जागी तास-दोन तास ठेवा, मग बाहेर नेऊन झाकण उघडा.

पावसाळ्यानंतर दयाळ गेला कुठे?

बहुधा कुठेच नाही. वीण संपली की गाणं थांबतं, पिसं झडून नवी येतात, आणि तो झुडपांत गुपचूप वावरतो. त्या काळात फक्त कर्कश ‘चर्र’ ऐकू येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर पुन्हा अँटेनावर, झाडाच्या शेंड्यावर येऊन पहाटेपासून गाऊ लागतो. इतर पक्ष्यांच्या नकलाही त्यात असतात.

थंडीत मात्र खरे पाहुणे येतात. तांबूस पोटाचा, शेपटी थरथरवणारा थिरथिरा अनेकांना चिरकाचाच भाऊ वाटतो. करडा धोबी आणि लाल छातीचा माशीमारही येतात. मार्च-एप्रिलपर्यंत ते परततात.

मांजर आणि मांजा?

मांजर पाळीव असेल तर पहाटेचे आणि संध्याकाळचे दोन तास, आणि पिल्लं बाहेर पडण्याच्या आठवड्यात पूर्ण दिवस, घरात ठेवा. संक्रांतीनंतर झाडांत अडकलेला मांजा काठीनं काढून, तुकडे करून टाका. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, तरी तो फांद्यांत वर्षानुवर्षं लटकत राहतो.

दयाळ, मुनिया किंवा पोपट पाळता येतो का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपले रानपक्षी पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. अंडी किंवा घरटी काढणंही त्यात येतं. दयाळाच्या गाण्यासाठी त्याला पूर्वीपासून पकडलं जात आलंय, म्हणून विक्रेता दिसला तर विकत घेऊन सोडू नका. त्यानं मागणी वाढते. १९२६ वर कळवा.

पाहिलेल्या पक्ष्यांची नोंद कुठे करायची?

ईबर्ड या मोफत ॲपवर. पंधरा मिनिटं एका जागी बसा, दिसलेले सगळे पक्षी संख्येसह लिहा. फक्त दुर्मीळ नव्हे, कावळा-साळुंकीसुद्धा. साध्या पक्ष्यांची संख्या वाढतेय की घटतेय हे अशाच याद्यांवरून समजतं. सुरुवातीला दोन चांगले मुहूर्त आहेत: ५ ते १२ नोव्हेंबरचा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह, जो मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून साजरा होतो, आणि फेब्रुवारीतली परसातल्या पक्ष्यांची चार दिवसांची गणना. आवाजावरून ओळखायला मर्लिन ॲप मदत करतं. मात्र पक्ष्याला जवळ आणण्यासाठी त्याच्याच गाण्याचं रेकॉर्डिंग बागेत वाजवू नका, विशेषतः मार्च ते जुलै. नर घरटं सोडून न दिसणाऱ्या शत्रूमागे फिरत राहतो.